स्वागतकक्षातला यंत्रमानव: आधी चेहरा की आधी कान?

कुळागर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गोव्यात, फोंड्याला आम्हा चौघांची छोटी कार्यशाळा आहे. आजवर कारखान्यांसाठी कंट्रोल पॅनेल केली, शाळांना रोबोटिक्सचे संच दिले. आता एका खासगी इस्पितळाने विचारलंय, स्वागतकक्षात उभा करायला माणसासारखा रोबो करून द्याल का? त्यांच्या मनातलं चित्र पक्कं आहे. साडी नेसलेली बाई, सिलिकोनचा चेहरा, लवणाऱ्या पापण्या, हात जोडून 'नमस्कार' म्हणणारी. पैसे ठीक देताहेत आणि आम्हाला काम हवंही आहे. पण पंधरा दिवस आराखडा काढतोय आणि दर वेळी पेन्सिल चेहऱ्यापाशी अडते.

का अडते ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात वडिलांना घेऊन एका दवाखान्यात गेलो होतो (तो वेगळा, नाव नको). दारातच टचस्क्रीनचं यंत्र. आमच्यापुढे सांग्याकडची एक आजी होती. तिने पडद्याला बोट लावलं तर पडदा इंग्रजीत मोबाइल नंबर मागायला लागला. ती यंत्राला म्हणाली, "दोतोर खंय बसता?" पुन्हा एकदा विचारलं, जरा मोठ्याने. मग आमच्यापैकी कुणाकडेही न बघता तिने पदर सारखा केला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. मी तिला आत घेऊन गेलो, डॉक्टरांची खोली दाखवली. पण ती पायरीवरची पाठमोरी आजी डोळ्यांपुढून जात नाही. आपण करू ते यंत्र असं असता कामा नये, एवढं एकच मला पक्कं कळलंय.

बाहेर काय झालंय ते वाचून काढलं. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात २००३ मध्ये 'व्हॅलरी' नावाची रोबो-स्वागतिका बसवली होती. चेहरा सपाट पडद्यावर, आणि प्रश्न विचारायचा तर कीबोर्डवर टाइप करायचा. तिला चक्क एक आयुष्यकथा दिली होती, नाट्यविभागातल्या लोकांकडून लिहून घेऊन, म्हणजे रोज येणाऱ्याला रोज काही नवं ऐकायला मिळावं. जपानमध्ये २००५ च्या आइची जागतिक प्रदर्शनात 'अॅक्ट्रॉइड' नावाच्या माणसासारख्या रोबो-बायका चार भाषांत माहिती देत होत्या. २०१५ मध्ये तोक्योच्या मित्सुकोशी दुकानात तोशिबाची 'चिहिरा आइको' किमोनो घालून उभी राहिली. आपल्याकडे २०१७ मध्ये मुंबईत एचडीएफसी बँकेच्या शाखेत 'इरा' आली आणि २०१९ मध्ये केरळ पोलिसांच्या मुख्यालयात 'केपी-बॉट', तीही उपनिरीक्षकाच्या हुद्द्यावर. या दोन्ही कोचीच्या असिमोव्ह रोबोटिक्सने केलेल्या.

तुमच्यापैकी कुणी काउंटरच्या अलीकडे काम केलंय, कुणी पलीकडे ताटकळत उभं राहिलंय. यंत्राने काय करावं असं तुम्हाला वाटतं, ते मोकळेपणाने लिहा.

साकुरा_आणि_सुरंगी

मी सध्या ओसाकाला असते, मूळची डिचोलीची. नागासाकी भागातल्या 'हेन्न ना होटेल'चं उदाहरण धाग्यात यायलाच हवं. २०१५ मध्ये ते सुरू झालं तेव्हा जगभर गाजलं. काउंटरवर एक माणसासारखी बाई आणि तिच्या शेजारी डायनासोर, दोघंही रोबो. पुढे रोबोंची संख्या २४३ वर गेली आणि २०१९ च्या सुरुवातीला बातमी आली की त्यांतले निम्म्याहून जास्त काढून टाकले.

काढले त्याची कारणं वाचण्यासारखी आहेत. खोलीतली 'चुरी' नावाची बाहुली मोठ्याने घोरण्यालाच प्रश्न समजायची आणि पाहुण्याला मध्यरात्री उठवायची. सामान नेणारे रोबो सपाट जमिनीवरच चालायचे, शंभराहून जास्त खोल्यांपैकी जेमतेम दोन डझनांपर्यंत पोचायचे, आणि पावसात भिजले की बिघडायचे. काउंटरवर पासपोर्टची प्रत काढायला शेवटी माणूसच यायचा.

म्हणजे दिसण्यावरून फारसं काही बिघडलं नव्हतं, कुळागर. बिघडलं ते ऐकण्यात, आणि पुढचं काम माणसाच्या हाती देण्यात. तिथे लक्ष घाला.

डोंगरमाथा

वाचतोय. चांगला विषय.

चाफा

अकरा वर्षं कळंगूट पट्ट्यातल्या हॉटेलांत फ्रंट ऑफिसला आहे, त्यातली सहा रात्रपाळीची. म्हणून लिहायचं धाडस करते.

लोकांना वाटतं रिसेप्शन म्हणजे हसून चावी देणं. परदेशी पाहुणा आला की पासपोर्ट आणि व्हिसा बघून चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, त्याला आम्ही 'सी फॉर्म' म्हणतो. बुकिंग एका नावाने, आलेला माणूस दुसराच, अॅडव्हान्स तिसऱ्याच्या कार्डावरून, असं रोज होतं. ही कामं यंत्राने खुशाल करावीत, आणि आमच्याहून बिनचूक करील असं माझं प्रामाणिक मत आहे.

पण खरं काम त्याआधीच सुरू झालेलं असतं. माणूस दारातून आत आला की आम्ही आधी त्याच्या हातांकडे बघतो. कागद हातात आहेत की बॅगेत? मूल कडेवर झोपलंय का? एकदा रात्री अडीचच्या सुमाराला मोपा विमानतळावरून एक म्हातारे पाहुणे आले. पासपोर्ट काउंटरवर ठेवला, विचारलं त्याला नीट उत्तरं दिली, सही केली. सगळं बरोबर. पण मधूनमधून त्यांचा उजवा हात कोटाच्या वरच्या खिशावर जात होता. चापपायचे, सोडायचे, परत चापपायचे. मी फॉर्म बाजूला ठेवला आणि विचारलं, काही राहिलं का? तेव्हा ते गप्प झाले. हृदयाच्या गोळ्यांची पिशवी टॅक्सीत राहिली होती आणि ते कुणाला सांगावं हे त्यांना कळत नव्हतं. टॅक्सीवाल्याला फोन लावला, तो पर्वरीपर्यंत गेला होता, तिथून परत आला.

तुमचा कॅमेरा तो हात बघेल. पण बघून थांबेल का? इस्पितळात तर असे हात दर पाच मिनिटांनी येणार.

आणि एक साधी गोष्ट. यंत्राजवळ खुर्ची ठेवा. ताप आलेल्या माणसाला उभं करून प्रश्न विचारू नका.

वेर्णा_पठार

चाफाताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी आवाजावर काम करतो, त्यामुळे कानाबद्दल लिहितो. इस्पितळाचा व्हरांडा ही ऐकायला सर्वांत वाईट जागा. खाली गुळगुळीत लाद्या, वर उंच छत, भिंतीवर पंखे, बाहेर पावसाची झड, आणि एक मूल रडत असतंच. घरात फोनवर नीट चालणारं आवाज ओळखणं तिथे कोलमडतं. उपाय आहे: एकाऐवजी चार-सहा मायक्रोफोन ठरावीक अंतरावर बसवायचे. समोरच्याचा आवाज प्रत्येकाकडे किंचित मागेपुढे पोचतो, त्या फरकावरून तो कुठल्या बाजूने आला ते काढायचं आणि बाकीच्या दिशा दाबून टाकायच्या. यंत्राचा स्वतःचा स्पीकर चालू असताना तो आवाज वजा करायचा, नाहीतर ते स्वतःलाच उत्तर देत बसतं. आणि मायक्रोफोन डोक्यात ठेवू नका. माणसासारखा आकार केला की कान डोक्याला लावायचा मोह होतो, पण तिथेच मानेच्या मोटारी आणि थंड करणारा पंखा कुरकुरत असतो.

दुसरी अडचण वेळेची. दहा भाषांतल्या संभाषणांची तुलना २००९ मध्ये झाली होती. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्साच लागतो, भाषेनुसार किंचित कमीजास्त. आपलं यंत्र आवाज ओळखणार, अर्थ लावणार, उत्तर शोधणार, मग बोलणार. यात दोन-तीन सेकंद सहज जातात. तेवढ्यात माणसाला वाटतं ऐकलं नाही. तो परत बोलतो, दोन्ही वाक्यं एकमेकांत मिसळतात आणि सगळाच गोंधळ. तुमच्या आजीने दुसऱ्यांदा मोठ्याने विचारलं ते याचमुळे. म्हणून 'ऐकतोय' ही खूण लगेच दिसली पाहिजे. मान किंचित खाली, किंवा एक दिवा. त्याला चेहरा लागत नाही.

तिसरं, उत्तर मोकळं सोडू नका. हल्लीची भाषेची मॉडेलं गोड बोलतात, पण माहीत नसलं तरी ठामपणे काहीतरी सांगून टाकतात. डॉक्टरांची वेळ, खोली, मजला हे इस्पितळाच्या नोंदीतूनच आलं पाहिजे. नोंदीत नसेल तर यंत्राने सरळ 'मला माहीत नाही, माणसाला बोलावतो' म्हणावं.

कोकणीसाठी 'भाषिणी' या सरकारी भाषांतर प्रकल्पाची साधनं बघा. आपल्या २२ अनुसूचित भाषांत कोकणी येते. पण तेवढ्यावर विसंबू नका. सासष्टीची कोकणी, पेडण्याची कोकणी, आणि मध्येच मराठी, हिंदी, इंग्रजी. आपला माणूस एका वाक्यात तीन भाषा बोलतो.

जुना_कारकून

मामलेदार कचेरीत तीस वर्षं काढली, शेवटची बरीचशी चौकशीच्या खिडकीवर. निवृत्त होऊनही आता बराच काळ झाला.

वरच्या प्रतिसादातल्या भाषेच्या मुद्द्याला माझा एक जोड. गावांची नावं. ही गोष्ट यंत्र करणाऱ्यांना कुणी सांगत नसेल, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या गावांची रोमी स्पेलिंगं पोर्तुगीजांनी बसवलेली. शेवटचा अनुनासिक उच्चार ते 'म' लावून लिहायचे. त्यामुळे आपलं केपें कागदावर 'क्वेपेम' दिसतं, पेडणें 'पेर्नेम' दिसतं. डिचोलीचं 'बिचोलिम', साखळीचं 'सांकेलिम', हळदोण्याचं 'आल्डोना', कुंकळ्ळीचं 'कुंकोलिम'. संगणकात सगळीकडे हीच स्पेलिंगं भरलेली. यंत्र वाचून दाखवणार 'क्वेपेम', आणि केप्याची बाई म्हणणार मी केप्याची. यंत्र तिला म्हणणार असं गाव सापडत नाही. स्वतःचं गाव सापडत नाही असं ऐकून माणूस किती खट्टू होतो, ते मी खिडकीतून पाहिलंय. आमच्याकडे संगणक नवे आले तेव्हा घडलेलं आहे.

आडनावांचंही तसंच. शिवाय लोक कामाचं सरकारी नाव कधी सांगत नाहीत. एक-चौदाचा उतारा हवा असतो, म्हणतात, "जमनीचो कागद जाय." हयातीचा दाखला हवा असतो, म्हणतात, "हांव जिवो आसां म्हण बरोवन दी." इस्पितळात कुणी 'अस्थिरोग विभाग कुठे' असं विचारणार नाही. 'हाड मोडलंय' म्हणेल, किंवा नुसताच हात पुढे करील.

१९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात जागा राहिली. तेव्हा यंत्राने कुठली भाषा बोलावी हा वाद घालण्यात अर्थ नाही. समोरचा ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत उत्तर द्यावं. आम्ही खिडकीवर तेच करायचो.

बाराही तालुक्यांतल्या गावांची बोलीतली नावं मी तुम्हाला म्हणून देऊ शकतो. आवाज अजून खणखणीत आहे.

कुळागर

काका, हे सोनं आहे. नक्की येतो तुमच्याकडे, किंवा गाडी पाठवतो.

चाफाताई, खुर्ची आराखड्यात घेतली. हसू नका, आजवर एकाही चित्रात खुर्ची नव्हती.

खारी_हवा

वास्कोत जहाजांवरच्या इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करतो. थोडक्यात: जून ते सप्टेंबर सर्किट बोर्डांवर संरक्षक लेप नसेल तर कनेक्टरला हिरवट गंज धरतो. साडीच्या घडीत, सिलिकोनच्या खाली, मानेच्या सांध्यात ओल राहणार आणि बुरशी येणार. वरचं कापड दर आठवड्याला काढून धुता आलं पाहिजे. इस्पितळ म्हटल्यावर ते तसंही लागेल.

आणि वीज. बॅटरी असली तरी व्होल्टेज पडतं तेव्हा चेहऱ्याच्या बारीक मोटारी आहेत तिथेच थांबतात. मी एका प्रदर्शनात पाहिलंय. एक पापणी अर्धी मिटलेली, तोंड किंचित उघडं. बघणारी मुलगी आईच्या मागे लपली. इस्पितळाच्या दारात, घरचं माणूस आत अतिदक्षता विभागात असताना, असा चेहरा कुणाला दिसावा असं तुम्हाला वाटतं का?

साकुरा_आणि_सुरंगी

खारी_हवा, मासाहिरो मोरी या जपानी रोबोतज्ज्ञांनी १९७० मध्ये नेमकं हेच लिहिलं होतं, 'बुकिमी नो तानी', म्हणजे अंगावर काटा आणणारी दरी. यंत्र माणसासारखं होत जातं तसं ते आपल्याला आवडत जातं, पण अगदी जवळ पोचल्यावर एकदम नकोसं होतं. त्यांनी कृत्रिम हाताचं उदाहरण दिलंय: दिसायला खरा, पण हातात घेतला तर थंडगार. हालचाल आली की ही दरी आणखी खोल होते, आणि दरीच्या तळाशी त्यांनी प्रेत ठेवलंय. म्हणून मोरींचा सल्ला असा की हुबेहूब माणूस करण्याच्या मागे लागू नका, थोडं अलीकडेच थांबा.

सॉफ्टबँक या जपानी कंपनीचा 'पेपर' नावाचा रोबो तसा अलीकडे थांबलेला. सुमारे १२० सेंटिमीटर उंची, खाली चाकं, छातीवर टॅब्लेट. लहान मुलं धावत जातात त्याच्याकडे. पण सुमारे २७ हजार नग करून २०२० मध्ये त्याचंही उत्पादन थांबलं. गोड चेहरा पुरत नाही, कामही हवं.

मोगरी

मी थोडी वेगळी बाजू मांडते. मला चेहरा हवा आहे.

माझे बाबा जवळजवळ ऐकू न येणारे. ते ओठ वाचतात. काउंटरवरच्या मुलीने मान खाली घालून बोललं की त्यांच्यासाठी ती बोललीच नाही. तुम्ही दिवा लावाल, मान हलवाल, आणि आवाज येईल एका जाळीतून. बाबांनी काय करायचं?

वेर्णा_पठार

मोगरी, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी कानाबद्दल एवढं लिहिलं ते सगळं ऐकू येणाऱ्यांच्या बाजूने.

पण सिलिकोनच्या ओठांनी बाबांचं काम होणार नाही. 'प' आणि 'म' ला ओठ पूर्ण मिटतात, 'फ' ला दात टेकतात, 'त' ला जीभ दिसते. अशा चेहऱ्यात दोन-चार मोटारी ओठ नुसते उघडमीट करतात. वाचणाऱ्याला ते खोटंच दिसेल, उलट घोटाळा करील. मोठ्या देवनागरी अक्षरांत बोललेलं लगेच उमटवणारा पडदा, आणि तो डोळ्यांच्या उंचीवर, हे जास्त उपयोगाचं.

साकुरा_आणि_सुरंगी

यात एक जोड. 'चिहिरा आइको' लोकांपुढे पहिल्यांदा आली ती २०१४ मध्ये, आणि तेव्हा ती जपानी खुणांची भाषा करून दाखवत होती. हात, खांदे, चेहरा मिळून ४३ ठिकाणी हालचाल. म्हणजे माणसासारखं शरीर लागतं ते तिथे, हातांत. आपल्याकडे भारतीय खुणांच्या भाषेसाठी कुणी हे केलं तर त्या हातांना अर्थ आहे. नुसता नमस्कार करायला दोन हात कशाला?

मोगरी

पडदा चालेल. पण अक्षरं बाबांना चष्म्याशिवाय दिसतील एवढी हवीत. आणि उत्तर द्यायला त्यांना बोलावं लागतं, त्यांचा उच्चार स्पष्ट नाही. तिथे माणूस हवाच.

डोंगरमाथा

मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय. मोठ्याने बोलू नका.

आमचा गाव लहान. तालुक्याच्या इस्पितळात गेलं की व्हरांड्यात चार ओळखीचे भेटतातच. कुणी क्षयरोगाच्या तपासणीला आलेलं असतं, कुणी लग्नाआधी गर्भारपणाच्या काळजीने, कुणी मानसोपचाराला. यंत्र स्पष्ट, मंजुळ आवाजात 'मानसोपचार विभाग, दुसरा मजला, डावीकडे' म्हणालं की गावात बातमी माणसाच्या आधी पोचते. चांगली स्वागतिका आवाज खाली आणते, किंवा नुसती चिठ्ठीवर खोली क्रमांक लिहून देते. यंत्राने तसंच करावं. तोंडाने फक्त 'ही चिठ्ठी घ्या', आणि चिठ्ठीवर क्रमांक आणि बाण. विभागाचं नाव चिठ्ठीवरसुद्धा नको.

चेहरे ओळखून साठवण्याचा बेत असेल तर तोही सोडून द्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, संमती घ्यावी लागेल. पण कायदा नसता तरी सांगितलं असतं.

चाफा

डोंगरमाथा यांच्याशी शंभर टक्के सहमत.

साडीबद्दल मात्र मला बोलायचंच आहे. व्हॅलरी, अॅक्ट्रॉइड, आइको, इरा. सगळ्या बायकाच का? काउंटरवर बाई उभी असली की लोक काय काय बोलतात, हात कुठे टेकवतात, ते मी अकरा वर्षं ऐकलंय, पाहिलंय. आम्ही उलट उत्तर देऊ शकतो, मॅनेजरला बोलावू शकतो. न रागावणारी, नेहमी हसणारी बाई तिथे उभी केली की लोकांना तीच सवय लागेल आणि ती सवय घेऊन ते पुढच्या काउंटरवरच्या खऱ्या मुलीपाशी येतील. कृपा करून हिला बाई करू नका.

नोकऱ्यांची भीती मला आहे, खोटं कशाला सांगू. हॉटेल मॅनेजमेंट करून आलेल्या किती मुलींचा पहिला पगार फ्रंट ऑफिसचा असतो. पण रात्री तीन वाजता सी फॉर्म भरत बसण्यापेक्षा ते यंत्राने केलं आणि मी पाहुण्याकडे बघितलं, तर माझं काम सुधारेल. मालकाने मला घरी पाठवलं नाही तरच, अर्थात. कुळागर, इस्पितळाला हेही विचारा की यंत्र आल्यावर आत्ताच्या मुली कुठे जाणार.

कुळागर

तीन आठवडे गप्प होतो, कारण काम चालू होतं. आता सांगतो.

तुमचे प्रतिसाद छापून इस्पितळाच्या बैठकीत नेले. चाफाताईंचा प्रश्न पहिलाच विचारला. उत्तर असं मिळालं की दोन्ही मुली राहतील, आणि ते मी करारात लिहून घेतलं. चेहरा काढून टाकायला ते सहज तयार झाले नाहीत. अध्यक्षांना ती साडीतली बाई फार हवी होती. मग मी म्हटलं, आधी नुसता कान बसवून बघू, तीन दिवस. त्यात जमलं नाही तर तुमचा चेहरा करतो.

टेबलावर कमरेएवढा लाकडी खांब. त्यात सहा मायक्रोफोन, वर फिरणारी मान, मानेवर एकच पिवळा दिवा, समोर मोठ्या अक्षरांचा पडदा, चिठ्ठी देणारी फट. शेजारी खुर्ची. आणि एक घंटी, जी आतल्या मुलीच्या टेबलावर वाजते. माहीत नसलं, दोनदा समजलं नाही, किंवा समोरचा काहीच बोलला नाही की यंत्राने ती वाजवायची. शेवटची अट चाफाताईंच्या पाहुण्यामुळे घातली. खिशावरचा हात यंत्राला कळेल असं मी म्हणू शकत नाही. पण माणूस समोर उभा आहे आणि गप्प आहे, एवढं त्याला कळतं.

पहिल्या दिवशी फार चुकलं. पंख्याच्या वाऱ्याने कापडी पडदा हलायचा, त्याचा आवाज बोलणं समजून मान तिकडे वळायची. पंखा हलवला. कोकणी निम्मी समजत नव्हती, घंटी सारखी वाजत होती, आतली मुलगी वैतागली. दुसऱ्या दिवशी विभागांना लोक काय म्हणतात ती बोलीतली नावं भरली, तेव्हा जरा बरं झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आली. हातात डबा, केस पावसाने भिजलेले. खांबासमोर उभी राहून म्हणाली, "म्हजो घोव खंय आसा?" (माझा नवरा कुठे आहे?) दिवा लागला, मान खाली झाली. यंत्राला वाक्य समजलं होतं, पडद्यावर बरोबर उमटलं. पण रुग्णांची नावं, खोल्या आम्ही त्याला दिलेल्याच नाहीत, डोंगरमाथा यांनी लिहिलं त्या कारणासाठी. त्याने घंटी वाजवली आणि म्हटलं, "बसात, बाय येता." ती बसली. डबा मांडीवर ठेवून पदराने केस पुसायला लागली. आतली मुलगी आली, खाली वाकून तिच्याशी हळू बोलली आणि तिला लिफ्टकडे घेऊन गेली.

मी कोपऱ्यात वही घेऊन बसलो होतो. वहीत फक्त वेळ लिहिली.

अध्यक्षांनी चेहऱ्याचा विषय पुन्हा काढलेला नाही. मोगरी, अक्षरं दुप्पट केली आहेत. बाबांना एकदा घेऊन याल का? त्यांना चष्म्याशिवाय दिसतात का ते बघायचंय. काका, गावांची नावं अजून बाकी आहेत. रविवारी जमेल?

मोगरी

शनिवारी आणते बाबांना. ते आत्ताच विचारताहेत किती वाजता.

जुना_कारकून

रविवारी दहाला येतो, गाडीची गरज नाही, बसने येईन. काणकोणपासून सुरुवात करू, तिथली नावं सगळ्यांत जास्त चुकीची बोलली जातात.